गोलाईचा मामला

लेथ हे अत्यंत सरळमार्गी यंत्र आहे. त्याला दोनच वाटा ठाऊक. कॅरेज बेडवरून डावी-उजवीकडे जाते आणि क्रॉस स्लाइड आत-बाहेर होते. चकमध्ये धरलेला जॉब गरगर फिरत असतो. टूल पहिल्या वाटेने गेलं की सरळ दांडा होतो, दुसऱ्या वाटेने गेलं की सपाट तोंड. यापलीकडे लेथला कसलीही महत्त्वाकांक्षा नाही. पण माणसाचं दांड्यावर भागत नाही. त्याला दांड्याच्या टोकाला गोळा हवा असतो, गोळ्याखाली मान हवी असते, मानेखाली थोडी कंबर हवी असते, आणि हे सगळं एकमेकांत असं मिसळायला हवं असतं की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते बोटालाही कळू नये.

माझी नोकरी खरेदी विभागातली. खरेदी विभागातल्या माणसाला खरेदी फारशी करावी लागत नाही, ‘झालं का?’ एवढंच विचारत फिरावं लागतं. ते विचारायला मी भोसरीच्या एमआयडीसीतल्या गाळ्यांमध्ये ऑइलच्या उपड्या डब्यावर बसून आयुष्याचा बराच भाग घालवला आहे. त्या बैठकीवरून सांगतो: सरळ दांडा हे काम आहे आणि गोलाई हा मामला आहे. काम पुरं होतं. मामला चालू राहतो.

मामल्याचा उगम ड्रॉइंगमध्ये असतो. डिझाइनच्या खोलीत एसी असतो आणि संगणकात फिलेट नावाची सोय असते. कोपऱ्यावर टिचकी मारली की कोपरा विरघळतो. तिथल्या मुलाला ते फार आवडतं. तो आणखी एक कोपरा विरघळवतो, मग दोन वक्रांच्या मध्ये तिसरा वक्र घालतो, आणि संगणक विचारतो म्हणून त्याला एक आकडा देतो: आर ३७.५. हा आकडा कुठून आला हे त्याला विचारू नये. तो आलेला असतो.

मग ते ड्रॉइंग गाळ्यात येतं आणि मामांच्या हातात पडतं. प्रत्येक गाळ्यात एक मामा असतात. ते कुणाचे मामा नसतात. तो हुद्दा आहे. मामा चष्मा कपाळावरून नाकावर आणतात, कागद लांब धरतात, जवळ धरतात, एकदा उलटाही धरतात. मग विचारतात, “हे काय हाय, सायेब?”

“मूठ आहे, मामा. पॅकिंग मशीनच्या लिव्हरची.”

“हातानं धरायची?”

“हो.”

“मग हाताला साडेसदतीस कळतंय का?”

या प्रश्नाला खरेदी विभागाकडे उत्तर नसतं. मी चहा सांगतो.

माझं जुनं मत आहे की ज्याने वक्र काढला त्यालाच एकदा तो कातायला लावावा. हे अगदीच अशक्य नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून जे. जे. स्कूलमधली चित्रकला सोडावी लागली. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले, आणि पुढे स्वतःच नांगर आणि यंत्रं करायला बसले. काढणारा आणि करणारा एकच. असा माणूस कागदावर उगीच साडेसदतीस लिहीत नाही, कारण संध्याकाळी ते त्याच्याच गळ्यात येणार असतं.

यातली खरी गंमत अशी की एके काळी सगळं उलटं होतं. अठराव्या शतकापर्यंत बहुतेक टर्नर टूल हातात धरूनच कातायचे. टेकूवर टूल टेकवायचं आणि मनगट वळेल तसा आकार उतरायचा. गोलाई हाताच्या स्वभावातच होती. सरळ दांडा सरळ ठेवताना मात्र घाम फुटायचा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकूड कातणारा कारागीर आजही टूल हातात धरतो आणि पाळण्याच्या दांडीवर एकाखाली एक मणी असे उतरवतो की बघणाऱ्याला वाटावं, लाकडातच ते होते. मग लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले नावाच्या माणसाने १८०० च्या सुमारास स्लाइड रेस्ट, लीड स्क्रू आणि बदलते गिअर यांची मोट अशी पक्की बांधली की टूल माणसाच्या हातातून सुटून लोखंडाच्या मुठीत गेलं. दांडे सरळ झाले, आटे एकसारखे झाले, औद्योगिक क्रांतीचं भलं झालं. गोलाई तेवढी रुसून बसली, ती पुढची दोनशे वर्षं.

तिची समजूत काढायला कितीजण आले. रशियात पीटर द ग्रेटला स्वतःला कातायचा नाद होता. त्याच्या पदरचा कारागीर आंद्रेई नार्तोव याने मूळ नमुना चाचपत तसाच आकार उतरवणारे लेथ मॉडस्लेच्याही आधीच करून ठेवले होते. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने १८१९ मध्ये बंदुकीचा लाकडी दस्ता कातणारा लेथ काढला. दस्ता म्हणजे कुठूनही गोल नसलेली वस्तू, ती याने कातून दाखवली. हे सगळे थोर लोक. पण त्यांच्यापैकी कुणीही भोसरीला आलं नाही. आमच्याकडे गोलाई येते ती दोन हँडलांवर दोन हात ठेवून.

हा प्रकार एकदा बघण्यासारखा आहे. एक हात क्रॉस स्लाइडच्या हँडलवर, दुसरा कंपाउंडच्या, म्हणजे तिच्यावर बसवलेल्या छोट्या स्लाइडच्या. एक हात टूल आत नेतो, दुसरा पुढे नेतो, आणि दोघांच्या वेगाच्या भांडणातून वक्र जन्माला येतो. ते भांडण मामा सांभाळतात, तेही शेजारच्या माणसाशी पोराच्या अ‍ॅडमिशनबद्दल बोलता बोलता. नवीन हेल्पर हेच करायला गेला की त्याचे दोन्ही हात एकाच वेगाने फिरतात आणि पंचेचाळीस अंशांचा सुरेख टेपर तयार होतो. टेपर कुणीच मागितलेला नसतो.

ज्यांना हातावर भरवसा नाही त्यांच्यासाठी गणित आहे. मामांकडे एका टूलवाल्याने दिलेली जुनी डायरी आहे, तिच्यात आयटीआयमध्ये भेटलेला पायथागोरस अजून राहतो. ३० मिलिमीटर व्यासाचा गोळा करायचा. टोकापासून १ मिलिमीटर आत गेलात की व्यास हवा १०.७७. दोनवर १४.९७. तीनवर बरोबर १८, सहावर बरोबर २४. असं करत १४ वर पोचलात की २९.९३ आणि १५ वर ३०. हे आकडे नीट बघा. पहिल्या एका मिलिमीटरमध्ये व्यास शून्यावरून पावणेअकरावर जातो. शेवटच्या मिलिमीटरमध्ये वाढतो फक्त ०.०७. म्हणून गोळ्याचं टोक काढताना हात थरथरतो आणि पोट काढताना झोप येते. टर्नरच्या बहुतेक गोळ्यांचं जे काही बिघडतं ते या दोन ठिकाणी, आणि कारणं अशी परस्परविरुद्ध.

अर्धा गोळा झाला की वळण येतं. आतापर्यंत टूल बाहेर येत होतं, आता आत जायला हवं. इथे बॅकलॅश भेटतो. क्रॉस स्लाइडच्या स्क्रू आणि नटमध्ये वर्षानुवर्षांच्या सेवेने जी ढिलाई आलेली असते, तिच्यामुळे हँडल फिरतं, डायलवरचे आकडे पुढे सरकतात आणि टूल जागचं हलत नाही. हरिहरला १९४१ मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ आमच्या गाळ्यांत अजून आहेत. कारखाना बंद झाला, लेथ चालूच. त्यातल्या एखाद्याच्या हँडलला इतकं मोकळं रान असतं की मामा आधी ते खर्ची घालतात आणि मगच कामाला लागतात. डायलवर विसंबणारा माणूस तिथे फसतो. मामा डायलकडे बघतच नाहीत. ते टूलकडे बघतात.

या पद्धतीने जो गोळा होतो त्याला पायऱ्या असतात. मग त्याला मार्किंगचा निळा रंग फासायचा आणि कानस लावायची. पायऱ्यांच्या खाचांतला निळा रंग जेमतेम पुसला गेला की थांबायचं. एक हात जास्त मारला की गोळ्याला कपाळ येतं. लेथवर कानस मारताना मूठ डाव्या हातात धरायची, म्हणजे दंड फिरत्या चकवरून जात नाही. हातमोजे नकोत, लांब बाह्या नकोत, मनगटात देवाचा दोरा असला तर तो देवाकडे ठेवून यायचं. कानशीनंतर पॉलिश पेपर. आणि हे सगळं झाल्यावर प्रोसेस शीटवर लिहायचं ‘फॉर्म टर्निंग’. कानस हा शब्द प्रोसेस शीटवर मी आजवर पाहिला नाही. देशातली निम्मी गोलाई तिने केली आणि नाव टूलचं झालं.

‘त्यापेक्षा टूललाच आकार द्या की,’ असं शहाणी माणसं म्हणतात. मीही म्हणायचो. जो आकार जॉबला हवा त्याचा उलटा टूलवर घासायचा आणि टूल सरळ आत घालायचं. वक्र आयता उतरतो. यालाच फॉर्म टूल म्हणतात. मामा हायस्पीड स्टीलचा तुकडा घेतात, १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम, १ टक्का व्हॅनेडियमवाला, आणि ग्राइंडरपुढे उभे राहतात. जॉब जिथे फुगीर तिथे टूल खोल, जॉब जिथे खोल तिथे टूल फुगीर, असा उलटा विचार तासभर करायचा म्हणजे डोकं ठिकाणावर लागतं. मामांचं असतं. पण त्यातही एक खोच आहे. टूलच्या माथ्याला उतार दिला, म्हणजे रेक दिला, की टूलवर घासलेला वक्र आणि जॉबवर उतरणारा वक्र वेगळे होतात. उतारामुळे धारेचा प्रत्येक बिंदू वेगळ्या उंचीवर बसतो, म्हणून तेवढं गणित आधीच टूलमधून वजा करावं लागतं. मामांनी यावर उपाय शोधला तो असा की मुठी पितळेच्याच कराव्यात. पितळेला रेक लागत नाही. सपाट माथ्याच्या टूलने ती गुमान कापली जाते, उलट, रेक दिला तर टूल तिच्यात घुसतं. ड्रॉइंगवर माइल्ड स्टील होतं. ड्रॉइंग बदललं.

ते बदलायला माझे नऊ ई-मेल गेले, पण तो वेगळा लेख आहे.

फॉर्म टूलचा खरा त्रास आवाजाचा. साध्या टूलचं टोक तेवढं जॉबला लागतं. फॉर्म टूल आपल्या अख्ख्या रुंदीनिशी लागतं. मग जॉब थरथरतो, टूल थरथरतं, टूलपोस्ट थरथरतं, आणि सगळे मिळून असे किंचाळतात की तीन गाळे पलीकडचा माणूस फोन कानाला लावून रस्त्यावर येतो. जॉबवर बारीक बारीक लाटा उठतात. याला चॅटर म्हणतात. उपाय सगळ्यांना पाठ आहेत: बॅक गिअर टाका, स्पीड पाडा, टूल कमी बाहेर काढा, ऑइल सोडा, मान वाकवलेलं स्प्रिंग टूल लावा. हे सगळं केलं की आवाज खाली येतो. मग ‘आणि आता एक फिनिश कट’ असं कुणीतरी म्हणतं आणि परत सुरू होतं.

बॉल टर्निंगची अटॅचमेंट नावाचीही एक वस्तू असते. तिच्यात टूल एका खुंट्याभोवती गोल फिरतं, त्यामुळे गोळा हा गोळाच होतो, वादच नाही. आमच्या गाळ्यात ती आहे. म्हणजे होती. पलीकडच्या गल्लीतल्या शेठने दोन दिवसांसाठी नेली. शेठचा मुलगा आता शेठ झाला आहे.

टूलची उंची हा आणखी एक छुपा शत्रू. टूलचं टोक जॉबच्या बरोबर मध्यावर हवं. खाली राहिलं तर गोळ्याच्या टोकाला बारकं बोंड उरतं आणि सरळ टेपरच्या कडेला न मागितलेला हलका वक्र येतो. म्हणजे मागितलेली गोलाई येत नाही आणि न मागितलेली येते. त्यासाठी टूलखाली तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे सारतात. टूल आणि जॉब यांच्यामध्ये स्टीलची पट्टी हलकेच दाबून धरायची. ती उभी राहिली तर टूल मध्यावर, कलली तर नाही. पैसा न लागणारी इतकी नेमकी तपासणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तपासणीवरून आठवलं. तयार मुठीसाठी पत्र्याचा साचा असतो, तिच्या वक्राचा उलटा कापलेला. तो जॉबला लावायचा, ट्यूबलाइटकडे धरायचा आणि फटीतून उजेड दिसतो का बघायचं. काही मायक्रॉनची फटसुद्धा अशी डोळ्याला दिसते, म्हणून ही पद्धत जुनी असली तरी निर्दय आहे. आमचा इन्स्पेक्टर साचा लावून म्हणाला, “मामा, उजेड दिसतोय.”

“दिसणारच की. दुपारचे दोन वाजलेत.”

लॉट रिजेक्ट झाला. परत कानस.

यात एक मूलभूत अडचण आहे, तिच्याकडे ड्रॉइंगवाले कधीच बघत नाहीत. गोळा कातायचा तर तो कुठेतरी धरावा लागतो, आणि जिथे धरला तिथे कातता येत नाही. सगळीकडून गोल अशी वस्तू लेथवर एका धरणीत होत नाही. एक देठ उरतोच. (बेअरिंगचे छर्रे इतके गोल कसे, असं लोक मला विचारतात. ते कुणी कातत नाही. तारेचे तुकडे दाबून गोळ्या करतात आणि मग दोन तबकड्यांमध्ये घासून त्यांची हौस फेडतात.) मुठीच्या बाबतीत यावर मानवजातीने फार सुंदर तोड काढली: जिथे देठ तोडला तिथे सपाट केलं, भोक पाडलं आणि त्यात आटे पाडले. तुमच्या गिअरच्या, कुकरच्या, कपाटाच्या गोल मुठीला खालून बघा. आटे बसवायचे म्हणून तिथे सपाट आहेच. पण टर्नरची सोयही तिथेच पुरलेली आहे.

मग सीएनसी आला. आमच्या गाळ्यातही आला. दार रुंद करून घेतला. त्याच्यासोबत टी-शर्टवाला एक मुलगा आला. मामांनी दोन हँडलांवर ज्यात हयात घालवली, ते त्याने एका ओळीत लिहिलं: जी०३ एक्स३० झेड-१५ आर१५. एक ओळ, अर्धा गोळा. मशीनने दार लावून घेतलं, पांढऱ्या कुलंटची आंघोळ केली आणि आठवा-नववा श्वास घ्यायच्या आत चकचकीत गोळा समोर. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. मामांनी खिशातून साचा काढला.

उजेड दिसला.

मुलाने व्हर्नियर लावला. व्यास बरोबर, लांबी बरोबर. साचा मात्र ऐकेना. झालं होतं असं की टूलच्या इन्सर्टचं टोक टोकदार नसतं. त्यालाच एक बारीक गोलाई असते, इथे ०.८ मिलिमीटरची. मशीन मात्र असं धरून चालतं की टोक सुईसारखं आहे. सरळ दांड्यावर आणि सपाट तोंडावर या गैरसमजाने काही बिघडत नाही, म्हणून व्यास आणि लांबी बरोबर येतात. वक्रावर बिघडतं. गोळा खांद्याला साधारण ०.३३ मिलिमीटरने फुगतो आणि नाकावर थोडा चपटा होतो. यावर जी४२ नावाची आज्ञा आहे, तिने टोकाची गोलाई हिशेबात धरली जाते. ती मुलाला माहीत होती. लिहायची राहिली होती. त्याने ती घातली, आणि दुसरा गोळा साच्यात असा बसला की मामांनी तो दोनदा फिरवून पाहिला, ट्यूबलाइट बदलून पाहिली आणि शेवटी म्हणाले, “बरा हाय.” टर्नरच्या तोंडून याहून मोठी दाद निघत नाही.

मला इतकंच दिसलं की लेथ अजून सरळमार्गीच आहे. आतही त्या दोनच वाटा, एक्स आणि झेड. दोन हातांचं भांडण आता दोन मोटारी सांभाळतात, इतकाच फरक. आणि मामा बेकार झाले म्हणाल तर तेही नाही. जुन्या लेथच्या क्रॉस स्लाइडचं गोल हँडल मोडलं तेव्हा ते दुसऱ्या जुन्या लेथवर त्यांनीच कातून बसवलं, कारण एका नगासाठी प्रोग्रॅम लिहायला मुलाला वेळ नव्हता.

तेव्हा डिझाइनच्या खोलीतल्या मंडळींना एक विनंती. जो वक्र दुसऱ्या कुठल्या वक्रात बसणार आहे, त्याचा आकडा जरूर द्या, टॉलरन्ससकट द्या. जो नुसता हातात धरायचा आहे, तिथे साडेसदतीस न लिहिता ‘नमुन्याप्रमाणे’ लिहा आणि नमुना पाठवा. आणि तरीही लिहायचंच असेल, तर एकदा भोसरीला येऊन ते कसं होतं ते बघून जा. मामा चहा पाजतील, डबा मी देईन बसायला. फक्त गुरुवारी येऊ नका. गुरुवारी एमआयडीसी बंद असते.